दोरीच्या सव्वीस गाठी

आळशी माणूस झोपाळू असतो असा लोकांचा समज आहे. मी आयुष्यात कधी सूर्य उगवल्यावर उठलो नाही. पहाटे उठतो, अंघोळ करतो, अंगण झाडतो, दाराची कडी कुरकुरते म्हणून तिला तेल घालतो, पेन्सिलींना टोकं काढून ठेवतो. जे काम करायचं असतं तेवढं सोडून बाकी सगळं मी वेळेवर करतो. आमच्या घरात कोणाला माळ्यावरची पेटी आवरून हवी असली, की ते मला एखादं महत्त्वाचं पत्र लिहायला सांगतात. पेटी तासाभरात आवरून मिळते.

या गुणानं मला एकदाच खरं घाबरवलं. ती गोष्ट घरातल्यांनी इतक्यांदा ऐकली आहे की मी सुरुवात केली की कोणीतरी शेवट सांगून टाकतं. म्हणून लिहून काढतो. कागद मध्ये बोलत नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी चिमूरकडचा, आणि मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली ती एटापल्लीच्याही पलीकडे, जंगलातल्या एका गोंडांच्या गावी. जिल्हा तेव्हा एकच होता, चांदा, पण त्याच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायला चार दिवस लागत. आधी मोटर, मग नाव, मग बैलगाडी, नाही मिळाली तर पाय. गावात पंचवीसेक घरं आणि शाळेची एक लांबट खोली. खोलीच्या पुढच्या भागात मुलं बसत. मागच्या भागात, बांबूच्या तट्ट्याच्या आड, मास्तर आणि त्यांची बायको राहत. मी पाढे म्हणवून घेत असलो आणि पलीकडून फोडणीचा वास आला, की मुलं चुकत. मीही चुके.

बायकोनं दीड वर्ष त्या तट्ट्याआड काढलं. मग तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला, तेव्हा गाडीत बसण्याआधी ती दारात थांबली.

“लेकराले जन्मल्यापासून शाळेत बसवाचं नाई मले,” ती म्हणाली. “मांगं एक खोली काढा. खोली झाली का मी येईन.”

“महिन्याभरात काढतो.”

“कोनत्या महिन्याच्या?”

मी हसलो. ती हसली नाही, पण गाडी वळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

खोलीसाठी लागतं काय? बांबू. ते गावातल्यांनी दिवाळीपूर्वीच शाळेमागे आणून रचून ठेवले. पण त्या रचलेल्या बांबूंत शेजारच्या बाईंची कोंबडी अंड्यांवर बसली. कोंबडीला उठवणं माझ्या जिवावर आलं. तिची पिल्लं निघाली, पिल्लं मोठी झाली, त्यातली दोन कोंबडे होऊन आरवायलासुद्धा लागली आणि बांबू होते तिथेच होते.

मार्गशीर्ष संपता संपता निरोप आला, मुलगी झाली. मी शाळेला सुट्टी दिली. मुलं घरी गेली आणि मी दिवसभर सगळ्या पाट्या धुऊन पुसून ठेवल्या. लगेच निघावं असं मनात आलं होतं. मग वाटलं, नुसतं बघून येण्यापेक्षा खोली पुरी करू आणि जाऊन दोघींना घेऊनच येऊ. हा विचार इतका चांगला होता की त्याच्या पायी खोलीही झाली नाही आणि जाणंही झालं नाही.

धानाची मळणी आटोपल्यावर गावातले दहा-बारा जण आपणहून आले. दोन दिवसांत त्यांनी खांब पुरले आणि वर गवताचं छप्पर चढवलं. भिंती कुडाच्या करायच्या, म्हणजे दोन खांबांमध्ये बांबूच्या चिरलेल्या कांबी विणायच्या आणि त्यावर चिखल लिंपायचा. ते म्हणाले, उद्या येऊन भिंतीही घालून देतो. मला एवढं उपकाराचं ओझं वाटलं, आणि मास्तर असल्याचा ताठाही होताच, की मी म्हटलं, “नको. भिंती मी घालीन.”

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ते गेले. छप्पर नुसतं खांबांवर उभं राहिलं. त्याखाली एक वासरू झोपायला यायचं. ते तरी घराचा उपयोग करत होतं.

माघातल्या पुनवेला बायकोचा भाऊ चालत चालत आला. घाम पुसून त्यानं बंडीच्या खिशातून अंबाडीची एक दोरी काढली. तिला हारीनं गाठी मारलेल्या होत्या.

ही चाल त्या गावची. लग्नाचं किंवा पूजेचं बोलावणं पाठवायचं तर माणसाबरोबर अशी दोरी पाठवायची. रोज सकाळी एक गाठ सोडायची, आणि शेवटची सुटेल त्या दिवशी हजर व्हायचं. शेजारच्या बाईंनी नातीच्या लग्नाला अशा दोऱ्या केल्या तेव्हा माझी बायको त्यांच्या ओट्यावर बसून बघत होती. तिला लिहिता येत नव्हतं. गावभरच्या पोरांना अक्षरं शिकवणारा तिचा नवरा तिला पुढच्या महिन्यापासून शिकवणार होता. आणि नवऱ्याला कळवायचं ते दुसऱ्या कोणाकडून लिहून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“दोन दोऱ्या केल्या तिनं, एकसारख्या,” मेहुणा म्हणाला. “एक तिच्यापाशी हाय, हे तुमची. तीस गाठी होत्या. चार म्या वाटंनं सोडल्या. मोटरीत बसून एक सोडून राह्यलो होतो तं लोक माह्याकडंच पाहे.”

म्हणजे सव्वीस उरल्या. मी मोजल्या.

“शेवटची सुटन त्या दिशी तिले घेऊन येतो. पर ती म्हने, खोली नसन झाली तं म्या गाडीतून उतरनार नाई. तशीच वापस.” एवढं बोलून तो शाळेमागे गेला आणि परत आला. “भाऊजी, भिंती कुठी हायेत?”

“होतील.”

“बापा,” तो म्हणाला, आणि त्यानं प्यायला पाणी मागितलं.

दोरी मी फळ्याशेजारच्या खुंटीला टांगली. सव्वीस दिवस म्हणजे भरपूर. पहिला आठवडाभर रोज सकाळी अंघोळ झाली की मी एक गाठ सोडत असे, आणि गाठ सोडली की काहीतरी काम झाल्यासारखं इतकं बरं वाटे की त्या दिवशी कांबी चिरायची गरज वाटत नसे. मग एका सकाळी गाठ घट्ट बसलेली निघाली. म्हटलं, उद्या दोन सोडू. दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी शाळा बंद असते, आणि दोरी तर शाळेत टांगलेली. त्यामुळे रविवारी गाठ सोडायची नाही असं ठरलं. कोणी ठरवलं ते विचारू नका. पुढे शाळाखात्याच्या साहेबांनी एटापल्लीला बोलावलं म्हणून मी तीन दिवस गावात नव्हतो. परत आल्यावर असा विचार केला की जे दिवस मी इथे नव्हतोच ते या दोरीत धरण्यात अर्थ नाही. मग कधी एखादी राहिली, कधी राहिली की नाही ते आठवेना. आठवेना तेव्हा मी नेहमी स्वतःच्या बाजूनं निकाल दिला.

तेवढ्यात मोह लागला, त्या वर्षी जरा लवकरच. मोहाची फुलं गळायला लागली की गावात माणूस राहत नाही. अंधार असतानाच घरंच्या घरं टोपल्या घेऊन झाडांखाली जातात, त्यात माझी सगळी शाळा गेली. हजेरीपटावर बावीस नावं आणि समोर रिकामी चटई. याहून चांगली वेळ भिंती घालायला मिळाली नसती. मी हजेरीपटाला नवीन पुठ्ठा चढवला.

शाळेचं अंगण सारवलेलं होतं, म्हणून शेजारच्या बाई फुलं वाळवायला तिथेच आणत. साठीच्या पलीकडच्या होत्या, पण पाठ सरळ. दुपारभर हातात काठी घेऊन शेळ्या हाकलत बसायच्या. मला त्या मास्तर म्हणत आणि अरे-तुरे करत. एक दिवस ऊन कलतं झालं असताना मी अंगणात उभा होतो, तर त्यांनी काठीनं वर दाखवलं. दिवसाउजेडीच अर्धा चंद्र वर आला होता.

“मास्तर, दोरी आली तवा चांद कसा होता?”

“भरलेला. पुनव होती त्या दिवशी.”

“मंग तो सरत सरत पुरा गेला. आता अर्धा वापस आला. तुह्या दोरीले किती गाठी हायेत?”

“अकरा.”

“हिल्ले,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलीत हिल्ले म्हणजे नाही.

त्यांनी समोरची मोहाची फुलं ओंजळीत घेतली आणि मला मोजायला लावून सव्वीस जमिनीवर मांडली. मग एकेक उचलायला लागल्या. पुनवेपासून अवसेपर्यंत किती, ते त्यांनी बोटांच्या पेरांवर धरलं होतं. अवसेपासून आजपर्यंत त्यांना गावातली प्रत्येक गोष्ट आठवत होती. कोणाची गाय व्याली तो दिवस, शिकारीची वाटणी झाली तो दिवस, मी एटापल्लीहून पाय दुखत आलो तो दिवस. एकेका दिवसाला एकेक फूल उचललं गेलं. शेवटी जमिनीवर तीन राहिली.

वजाबाकी शिकवायचा पगार मी घेत होतो.

मी आत जाऊन आठ गाठी सोडल्या. बाहेर आलो तो राग कोणावर काढावा कळेना. म्हणालो, “बाई, एवढे दिवस गावातलं कोणी मदतीले काऊन नाई आलं?” मनात ही अढी बरेच दिवस होती. बांबू दिले, छप्पर दिलं, आणि मग सगळे पाठ फिरवून बसले असं मला वाटत होतं.

बाईंनी माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. “तू म्हनला ना, भिंती मी घालीन. मंग दुसरा कोन हात लावन? आमाले रोज वाटे, आज घालन.”

सगळं गाव दोन महिने माझ्या शब्दाला मान देत होतं, आणि मी वाट बघत होतो की कोणी तो मोडेल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कोयता घेऊन मी छपराखाली उभा राहिलो. खांबांमधले गाळे मोजले. नऊ. एक दाराचा सोडला तर आठ. आठही गाळ्यांतून पलीकडचं जंगल दिसत होतं. मी इकडून तिकडे एक फेरी मारली, कोयत्याची धार पाहिली, ती कमी वाटली म्हणून दगड शोधला, आणि धार लावत बसलो. मोह वेचून बाई परतल्या तेव्हा धार फार चांगली लागली होती.

त्यांनी डोक्यावरची टोपली उतरवली. घरून दोन चटया आणल्या आणि एक गाळा मोकळा सोडून त्याच्या दोन्ही अंगांना आडव्या टांगल्या. मी त्या दोन चटयांच्या मध्ये अडकलो. समोर एकच गाळा.

“तू पायतेच लय,” त्या म्हणाल्या. “पाहून पाहून थकते. एवढाच कर. बाकीचे तुह्याकडं नाई पाहत.”

मी कांबी चिरल्या. बोटं चिरली. आडव्या-उभ्या विणत दुपारी तो गाळा भरला. बाईंनी येऊन काठीनं दाबून पाहिलं.

“शेळी टेकली तं पडन.”

“सोडून पुन्हा घालू?”

“नको. शेळीले मी सांगन.”

चटया पुढच्या गाळ्याला सरकल्या. संध्याकाळपर्यंत आणखी अर्धा. तिसरा पुष्कळ लवकर झाला. ही काही माझी सुधारणा नव्हती. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

शेवटची गाठ सुटली तेव्हा चार गाळे झाले होते. चार उघडे होते. मी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि वाटेवर जाऊन उभा राहिलो. काय सांगायचं ते पाठ करून ठेवलं होतं. कोंबडीपासून सुरुवात होती. दुपार झाली, ऊन उतरलं. गाडी आली नाही.

दुसऱ्या दिवशीही आली नाही.

“रस्ता लंबा हाय,” बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. मेहुण्यानं ते नुसते खांब पाहिले होते. घरी जाऊन त्यानं सांगितलंच असणार. ती ओसरीवर मांडीवर मूल घेऊन बसली असेल, आणि तिनं आपल्या दोरीची शेवटची गाठ सोडून दोरी बाजूला ठेवली असेल. जायचं कशाला? ती काही भांडणारी नव्हती. तिचं न येणंही असंच झालं असतं, न बोलता. आणि मला मुलीचा चेहरासुद्धा माहीत नव्हता. कोणासारखी आहे हे विचारायचंही मी मेहुण्याला उद्या विचारू म्हणून ठेवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी पहाटेच परत गेला होता.

मला आठवतं, त्या दिवशी पहिल्यांदा मी चटया स्वतः टांगल्या. वाटेकडे बघायचं नव्हतं मला. विणता विणता मनात ‘उद्या’ असा शब्द आला की हात आपोआप पुढची कांब उचलत. दोन दिवसांनी गावात होळी होती. ढोल ऐकू येत होते, मला न्यायला दोघं-तिघं आले, माझ्याकडे बघून परत गेले. थोड्या वेळानं त्यातलाच एकजण मोठं मडकं भरून पाणी आणि तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, भारा आणून ठेवून गेला. भिंतीला त्यानं हात लावला नाही.

आठवा गाळा विणून झाला. चिखल तुडवला, त्यात तणस आणि शेण कालवलं, आणि लिंपायला घेतलं. सात गाळे लिंपून झाले. होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गुडघ्याएवढ्या चिखलात उभा राहून मी आठव्यासाठी चिखल तुडवत होतो, तेव्हा बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

गाडी शाळेला वळसा घालून खोलीसमोर थांबली. मेहुणा कासरा हातात धरून वैतागलेल्या आवाजात मलाच सांगायला लागला. “भाऊजी, तुमीच सांगा हिले काई. पाच दिस आधीच येऊन पोचलो असतो आमी. सामान बांधून, गाडी जुतून मी उभा, तं ही उठेच ना. म्हने, माही दोरी बराबर चालून राह्यली, पर मास्तरची अजून सरली नसन. त्याहिले पाच दिस जास्त लागन.”

मी गाडीत पाहिलं. ती बसली होती, पदराखाली मूल होतं. चेहरा थोडा उतरलेला. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही, खोलीकडे पाहत होती. एकेक भिंत बघत तिची नजर आठव्या गाळ्यावर आली. तिथे विणलेल्या कांबींतून अजून उजेड दिसत होता.

“अन् ते?” तिनं विचारलं.

“ते उद्या,” मी म्हणालो.

तोंडातून गेल्यावर मला कळलं. बाईंनी शेळी हाकलायची काठी खाली ठेवली. मेहुण्यानं कासरा पुन्हा हाताला गुंडाळला. त्याला वाटलं असावं आता बैल वळवावे लागणार.

“नाई, आज,” मी घाईनं म्हणालो. “आत्ता. हे बघ, चिखल तुडवूनच राह्यलो होतो.”

ती माझ्या पायांकडे बघत राहिली. मग चाकावर पाय ठेवून खाली उतरली.

“हात धुवा,” ती म्हणाली.

मी हात धुतले. तिनं मुलगी माझ्या हातांत दिली. तीन महिन्यांची होती, मला वाटलं होतं त्याहून जड. तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, ओठ काढले आणि जीव खाऊन रडायला लागली. मी हलवून पाहिलं, जिभेनं टकटक केलं, पाढा म्हणून पाहिला. ती आणखीच रडली. मी तिला आईकडे परत द्यायला गेलो.

“नाई,” बायकोनं पदर खोचला. “तीन महिने झाले तिले. आता धरा.”

आणि ती चिखलाच्या ढिगाशी जाऊन बसली. एक मूठ उचलून तिनं वास घेतला. “तनस कमी झाली,” ती बाईंना म्हणाली. बाई तिच्या शेजारी टेकल्या. दोघींनी चिखलात तणस मिसळली आणि मूठ मूठ करून आठवा गाळा लिंपायला लागल्या. मध्येच बायकोनं मागे न वळता सांगितलं, “बाकीच्या भिंतीइले भेगा पडन. त्या बी पुन्यांदा लिपाव लागन. पर होतीन.”

मी दाराच्या उघड्या गाळ्यात उंबऱ्याच्या जागी बसलो. मुलगी रडत होती. कितीतरी वेळ रडली. मग हुंदके लांब लांब होत गेले, तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि कानाशी गरम श्वास लागायला लागला. मी मान हलवायला भ्यालो. मेहुण्यानं कासरा सोडला आणि बैल जुवातून मोकळे केले. त्यांना तो पाण्यावर घेऊन गेला. शेवटचं भोक लिंपून बंद झालं तशी खोलीत सावली आली.

“मास्तर, उठ, पानी आन,” बाई म्हणाल्या.

“त्याहिले राहू द्या,” बायको म्हणाली. “लेकरू झोपलं हाय.”

पाणी तिनंच आणलं. मी त्या दुपारी काहीएक काम केलं नाही, आणि त्याबद्दल मला घरात आजवर कोणी बोललेलं नाही.